चौदा किलोमीटर

पलूसच्या शाळेतून कॉलनीत,
कॉलनीतून मळ्याच्या वस्तीवर, वस्तीवरून परत.
दिवसाचे चौदा किलोमीटर, अकरा पोरं,
आणि माझ्या सीटखाली इंजिन.
नऊ वर्षं मी त्याच्यावर बसून आहे,
झाकण उघडून आत कधी पाहिलं नाही.

मी म्हणायचे, चालतेच किती ती?
दहा हजाराला ऑईल बदलायचं म्हणतात,
माझे दहा हजार भरायला तीन वर्षं लागतात.
मध्येच कमी वाटलं की वरून अर्धा लिटर,
सुट्टं, स्वस्तातलं,
पाण्याच्या बाटलीत भरून आणलेलं.

थांब्यावर लाल दिवा मिणमिणायचा.
स्वरांगीनं त्यावर वहीचं लेबल चिकटवलं.
नाव, इयत्ता, विषय,
सगळं कोरं.
मी ते काढलं नाही.

मग टकटक सुरू झाली,
पोळपाटावर कुणी नखं वाजवावीत तशी.

इलाही तांबोळीनं सीट उचलून मागे टाकली,
झाकण फिरवून त्याची आतली बाजू माझ्यापुढे धरली.
पिवळट, फेसाळ,
नासलेल्या सायीसारखं काहीतरी.
"हे पाणी," तो म्हणाला.
"पाणी कुणी घातलं?"
"कुणी न्हाई. ताई, ही गाडी तापलीच न्हाई कधी.
दोन किलोमीटर पळती, थांबती,
तापायच्या आत गार.
आतली वाफ उडून जायला येळच घावत न्हाई,
ऑईलात मुरती.
आन् गाडी कमी चालली म्हणून
ऑईल काय तरणं ऱ्हात न्हाई."

वरचं कव्हर निघालं तेव्हा मी मागे सरले.
माहेरी, कुंडलला, आमचं गुऱ्हाळ होतं.
रस उकळायला लागला की मळी वर यायची
आणि गुळव्या ती झाऱ्यानं काढून टाकायचा,
गप्पा मारता मारता, न चुकता.
ही तीच मळी. काळी, थिजलेली,
कुणीच न काढलेली.

शेजारचा पंक्चरवाला म्हणाला,
रॉकेल ओत की, धुऊन निघंल.
इलाहीनं मान वर केली नाही.
"सुटलेला गाळ जाणार कुठं?
पंपाच्या जाळीवर बसंल.
मग घोटभरबी वर चढणार न्हाई."
दोन दिवस तो बांबूच्या पट्टीनं खरवडत होता.
खाली अंथरलेल्या पेपरात द्राक्षांचे दर होते,
दुसऱ्या दुपारी ते दिसेनासे झाले.

सीलबंद डबा त्यानं माझ्या हातात दिला,
वरचे आकडे मला दोनदा मोठ्यानं वाचायला लावले.
ऑईल ओतलं तेव्हा धार सरळ पडली,
घाण्यावरच्या शेंगतेलाच्या रंगाची.
बिल तीन हप्त्यांत.
"सहा महिन्याला बदलायचं, किलोमीटर बघायचं न्हाईत.
आन् आयतवारी तिला लांब न्या.
अर्धा तास, न थांबता."
"कुठं?"
"कुठंबी."

मला वस्ती माहीत होती, कॉलनी माहीत होती,
तेवीस स्पीडब्रेकर पाठ होते.
कुठंबी माहीत नव्हतं.

रविवारी कुंडल मागे टाकलं, मग देवराष्ट्रे.
दर वळणावर नजर आरशात जायची,
मागे रिकामे बाक, आणि कुणाची तरी राहिलेली बाटली
इकडून तिकडे गडगडत.
सागरेश्वरच्या घाटात काटा मध्यावर आला
आणि तिथंच स्थिर राहिला.
सीट उबदार झाली.
अर्धा तास होऊन गेला होता.
पुढे कराडची पाटी आली,
मी आणखी थोडं तापू दिलं.

सोमवारी स्वरांगीनं विचारलं, माझं लेबल?
तिथं आता डिंकाचा चौकोन उरलाय,
चावी फिरवली की दिवा लागतो,
इंजिन सुरू झालं की विझतो.
ती म्हणाली, विषय लिहायचा राहिला होता.
बाटली कुणाची, ते मात्र
कुणीच कबूल केलं नाही.