लाल काळ्याला

उजवा डबा खरखरतो, एवढंच फोनवर सांगितलं होतं.
म्हणून रायबंदरहून दुपारच्या फेरीनं दिवाडीला गेलो,
पिशवीत पकड, कात्री, मीटर
आणि दीड व्होल्टचा एक साधा सेल.

कोंसेसांवबायनं दारातच ओठांवर बोट ठेवलं.
"तो न्हिदला. सावकाश कर, च्यारी."
आतून सांतानचं घोरणं,
बंदरात उभ्या बोटीचं इंजिन चालू ठेवावं तसं.

सांतान जहाजावरचा इलेक्ट्रिशियन, बत्तीस वर्षं.
स्पीकर योकोहामाचे, अॅम्प्लिफायर तिथलाच,
आणि भिंतीवरून नेलेली तार, काय सांगू,
दर वितीला एक क्लिप,
कोपऱ्यात अशी वळवलेली की मुंगीलाही आडवाट नाही.
डावीकडे लांब लागते, उजवीकडे आखूड,
तरी दोन्ही तारा एकाच मापाच्या,
उरलेली कपाटामागे आठाच्या आकड्यात गुंडाळून.
माझ्या शिकाऊ पोराला आणून दाखवावं असं काम.

टोकं मात्र हिरवी.
मांडवीची खारी हवा तांब्याला असंच खाते,
बाहेर प्लास्टिक धडधाकट, आत शेवाळ.
बोटभर कापली, सोलली,
आत तांबं निघालं, नुकत्याच घासलेल्या कळशीसारखं.
पिळून, जोडून, तबकडी लावली.

खरखर गेली.
पण गाणारी कुठेच नव्हती.
जपानी बाई, शब्द कळायचं कारण नाही,
पण माणूस गातो तेव्हा कुठेतरी उभा असतो ना?
ही डाव्या भिंतीत नाही, उजव्या नाही,
चिकूच्या मागे, खाजनाच्या बांधावर
कुठेतरी पाठमोरी,
आणि खर्ज पाणी घातलेल्या ताकासारखा.

तारेच्या टोकाला सेल टेकवला.
डाव्याचा पडदा पुढे आला.
उजव्याचा मागे गेला.

लाल काळ्याला, काळी लालला.
एकतीस वर्षं.
एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो
आणि गाणं मधल्या मधे जिरतं.

"उलटं जोडलंय," मी म्हटलं. "दोन मिनिटांचं काम."
बाय खुर्चीत बसली. आतल्या दाराकडे पाहत राहिली.
"बोटीवरच्या दिव्याला उलटसुलट नसतं," मी उगाच म्हटलं,
"कसाही जोडा, पेटतोच."
"मला नको सांगूस," ती म्हणाली, "त्याला तर नकोच.
रोज संध्याकाळी ह्या तारेवरून फडकं फिरवतो तो."

मग?
"मग आहे तसं ठेव."

आहे तसं ठेवणं माझ्या हाताला जमत नाही.
बापाची सुतारकी सोडली, तेवढी खोड बरोबर आली.
डब्याच्या पाठीचे स्क्रू काढले,
आतल्या कापसात मनगटापर्यंत हात घातला
आणि उलट्याला आतून उलटं केलं.
बाहेर सांतानची लाल काळ्यालाच.
एक क्लिप जागची हलली नाही.

सुई टेकली.
गाणारी आली, मधोमध उभी राहिली,
शोकेसमधल्या काचेच्या माशांसमोर,
इतकी जवळ की कोंसेसांवबायनं पाय आवरून घेतले.

घोरणं थांबलं.
सांतान दारात, चड्डीवर, केस विस्कटलेले.
डावा कान इंजिनरूमनं नेलेला, म्हणून मान तिरकी.
कडवंभर ऐकलं.
मग भिंतीवरची तार नजरेनं चाचपली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.
"हात लावलास?"
"टोकं तेवढी कापली."
"बरं केलंस. जोडणी माझी आहे."

बायनं मजुरी दिली, वर बिंबलाच्या लोणच्याची बाटली.

डब्याच्या आत, लाकडावर, पेन्सिलीनं लिहून आलोय,
माझ्यामागून जो उघडेल त्याच्यासाठी:
बाहेर चुकलेलं दिसेल, राहू दे.
पण न उघडता बाहेरूनच सुधारणारा कुणी आला तर,
हे मात्र फेरी अर्ध्या पात्रात आल्यावर सुचलं.