श्रीखंडाच्या डब्यातला नमुना

रंग सांग आधी.
पिवळा? लाजू नकोस, इथे लाजायचं नसतं.
खारीवाव रोडवरच्या या एका खोलीत
सत्तावीस वर्षं हेच विचारत आले आहे मी
लग्नाळू मुलींना, रिटायर्ड पोस्टमास्तरांना,
एकदा पैठणी नेसून, लग्नाच्या मांडवातून थेट आलेल्या बाईंना:
रंग, वास, किती वेळा, रक्त आहे का,
पाण्यासारखं की शेवयांच्या खिरीसारखं.
(त्या बाईंनी पुन्हा खीर केली नसावी.)

तुझं नाव? हंबीर शितोळे.
आणि याचं?
अजून ठेवलं नाही. आई म्हणाली, जगलं तर ठेवू.

बुटांच्या खोक्यात टॉवेल, टॉवेलात
साडेआठशे ग्रॅमचं पिल्लू, शेपटीखाली सगळं चिकटलेलं.
दुसऱ्या हातात श्रीखंडाचा डबा, झाकण घट्ट,
कारण फोनवर मीच म्हटलं होतं, नमुना आण.
मनसुखभाई डब्यावरचं 'केसर-इलायची' मोठ्याने वाचतात
आणि खिडकीशी जाऊन खोकत राहतात.

काय दिलंस खायला?
दूध. थैलीचं.
आणि शेजारच्या कोकिळाबेननी लीलो चेवडो, थोडासाच.
थोडासाच हा शब्द मी केसपेपरवर लिहीत नाही,
पण अर्ध्या बडोद्याची पोटं त्यानेच बिघडवलीत.

मानेवरची कातडी चिमटीत धरते, सोडते.
लगेच बसायला हवी. बसत नाही,
निरोप घेऊन झाल्यावरही दारात रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखी
उभीच.
आता तुझं नख दाब. सोड. गुलाबी परत आलं ना?
याची हिरडी बघ. चुना.
ताप नाही. ताप असता तर बरं, असं वाटावं इतकं गार.

आता पट्टी. तीन थेंब, दहा मिनिटं.
दोन रेघा आल्या की पास?
नाही रे राजा. इथे एकच हवी.
दुसरीचं नाव पार्वो.

ही दहा मिनिटं मी कधी खुर्चीत बसून काढत नाही.
गेल्या आषाढात नवापुऱ्यातून ओढणीत गुंडाळून
मांजरीची चार पिल्लं आली होती.
वाटलं, जंत असतील, सकाळपर्यंत बघू.
सकाळी मनसुखभाईंनी ओढणी धुऊन
वाळत घातली.
तेव्हापासून मी आधी पट्टी काढते.

एक रेघ.
पुन्हा बघते. चष्मा पुसून बघते. एकच.

मग डबा उघडायचा. चिमूटभर घेऊन
मिठाच्या दाट पाण्यात ढवळायचं, काच ठेवायची, थांबायचं.
घाण खाली बसते, अंडी वर तरंगत येतात.
ये, डोळा लाव इथे. दुसरा मिटू नकोस.
पातळ कवच, आत द्राक्षाचे चार मणी. दिसले?
आकडेवाले जंत. रक्त यांनी प्यायलं आहे,
चेवडा बिचारा उगाच बदनाम झाला.
(कोकिळाबेनना सांगू नकोस. रोज देतील.)

शीर केसाएवढी, सापडत नाही.
आधी उबेला गरम पाण्याची बाटली, हिरडीवर मध,
मग कातडीखाली सलाइन:
बघता बघता खांद्यावर वशिंड उगवतं
आणि खोक्यात एक इवलासा बैल बसलेला.
हंबीर पहिल्यांदा हसतो, दाताची खिडकी दिसते.

ऐक. दूध बंद. घरातली जुलाबाची गोळी अजिबात नाही.
मऊ भात, त्यात उकडलेली कोंबडी, चमचा-चमचा, दर दोन तासांनी.
हे औषध आज, आणि परत पंधरा दिवसांनी,
कारण आज मोठे मरतील, धाकटे अजून वाटेवर आहेत.
अंगणात अनवाणी फिरायचं नाही. हात साबणाने.
रात्री मान टाकली तर किती वाजलेत ते बघू नकोस, फोन कर.

पहिल्या रात्री फोन आला नाही. दुसऱ्याही.
फोन न येण्याचे दोन अर्थ असतात.

तिसऱ्या रात्री साडेदहाला, कुजबुजत:
डॉक्टर, झाली.
रंग?
तपकिरी. आणि तिला आकार आहे!
पलीकडे कुणीतरी काहीतरी विचारतं,
हंबीर तोंडावर हात धरून उत्तर देतो, मग मला म्हणतो,
आई विचारते, तो डबा परत मिळेल का.