कान थंड आहेत

अकरा वर्षं मी कान तपासले.
जयेंद्रगंजात, विमा कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर.
भिंड-मुरैन्याकडून पाकिटं यायची:
दाव्याचा अर्ज, पंचनामा, आडव्या पडलेल्या म्हशीचा फोटो
आणि पिवळा बिल्ला. कधी बिल्ल्यासकट
कापलेला कान, मीठ लावून, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
बिल्ला नाही तर दावा नाही.
मी आकडा जुळवायचे, शिक्का मारायचे,
हात धुऊन डबा खायचे.

एकदा ‘ओळखीच्या खुणा’ या रकान्यात
कुणीतरी लिहिलं होतं:
हाक मारली की वळते.

तो अर्ज मंजूर झाला. मला मात्र त्यानंतर
डबा जाईना.

डॉक्टर भदौरियांना सांगितलं, महूच्या कॉलेजात अर्ज करायचाय.
त्यांनी आधी माझ्या चपला पाहिल्या.
वय? चौतीस. गमबूट? नाहीत.
‘मग गमबूट घ्या. फॉर्म पुढच्या सालीही निघतो.
सहा महिने शेण काढा, वास सोसला
तर आपण बोलू.’

आई म्हणाली, चार पिढ्या आपल्या
शिंद्यांच्या दफ्तरात लेखणी चालवत आल्या,
आणि तू गोठ्यात जाणार?
मी म्हटलं, त्यांच्या घोड्यांना
कुणीतरी खरारा करतच असेल की.
ती बोलली नाही. पण संध्याकाळी
जुनं लुगडं फाडून पुसणी करून ठेवली, सात.

पहाटे पाच ते नऊ मुरारचा दवाखाना, दहाला ऑफिस,
रात्री सतरा वर्षांच्या पोरांची भौतिकशास्त्राची पुस्तकं.
लंबक अजून झुलतोच आहे, सूत्र काही हाती येत नाही.
वहीत तास लिहिते.
पहिला महिना: दोरी धरली. बादली धरली.
बैलाचं गळू फुटलं तेव्हा
रामसेवक कंपाउंडरनं बैल सोडून मला धरलं.
तास दोन. बेशुद्धी वजा केली नाही.

मग जानेवारीतली ती पहाट, धुकं असं
की किल्ला आहे यावर नुसता विश्वास ठेवायचा.
गेंदाबाईची म्हैस, व्यायलेली परवा,
मान कुशीकडे मुडपून बसलेली,
जणू स्वतःच्याच पोटात काही ऐकतेय.
‘कान बघा,’ डॉक्टर म्हणाले.
मी वाकले, बॅटरी धरली, वाचू लागले:
चार, शून्य, शून्य, सात...
‘नंबर नाही, मॅडम. कान.’

मी बॅटरी खाली ठेवली.
दोन्ही तळव्यांत तो कान घेतला,
पहिल्यांदाच, जिवंत जनावराला जोडलेला.
गार. हौदाच्या दगडासारखा.
‘दुग्धज्वर,’ डॉक्टर म्हणाले.
नावात ज्वर, अंगात हीव.

कॅल्शियमची बाटली मी गरम पाण्यातून काढून
डोक्यावर धरली. थेंब. थेंब. सावकाश,
घाई केली तर काळीजच थांबतं.
स्टेथोस्कोप त्यांनी माझ्या कानांत अडकवला.
आत कुणीतरी लांबच्या वाड्यातून
उखळात काही कांडत होतं, थांबून थांबून,
मग जरा न थांबता.
खांदा भरून आला, मी हात बदलला.
तिच्या नाकपुडीवर दव फुटलं.
ढेकर आली. मग शेण पडलं, भरपूर,
आणि डॉक्टर असे हसले
जणू कुणी पेढे वाटले.

ती उठली. आधी मागचे पाय, मग सगळी म्हैस,
आणि पुढचा एक खूर माझ्या डाव्या बुटावर.

गेंदाबाई मला ओळखत होती, शिक्क्यामुळे.
पदर सावरत, जरा चाचरत विचारलं,
‘मरी नईं, तो अब बीमा नईं मिलैगो?’

नाही मिळणार, मी म्हटलं.
अकरा वर्षं हेच वाक्य बोलत आले, काचेच्या खिडकीतून.
आज पहिल्यांदा
ते बोलताना कुणी रडलं नाही.

वहीत लिहायचं होतं: तास अडीच.
पण पाय निघेना. ती अजून
बुटावर उभीच होती, आणि तिच्या कानात
हळूहळू ऊब येत होती,
मी काही घाई केली नाही.