घर गारठवताना

पावडर झाली. बोरिक आणि अंड्याचा बलक
मळून गोळ्या झाल्या. भिंतीवर खडूच्या रेघा झाल्या.
झुरळं रेघा ओलांडून आली
आणि पावाच्या डब्यावर मिशा हलवत बसली,
वर्गणी मागायला आल्यासारखी.

तेव्हा प्रोखोर म्हणाला, आता घर गारठवायचं.
त्याचे आजोबा करायचे तसं: जानेवारीत,
उणे बेचाळीस असताना चूल विझवायची,
दारं-खिडक्या सताड उघडायच्या
आणि तीन रात्री निघून जायचं.
उरलेलं थंडी करते. फुकट.

पण जायचं कुठं?
लेना नदीच्या या वळणावर धुराडी सात.
तीन बंद. दोन घरांत माणसांपेक्षा कुत्री जास्त.
एक आमचं.
उरली कपितोलिना.

कपितोलिनाशी आमचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं.
सरपणाच्या एका थप्पीवरून.
थप्पी कुणाची होती हे आता सरपणालाही सांगता यायचं नाही,
ते केव्हाच जळून गेलं.

मी गेले. दारात उभी राहिले, पापण्यांवर बर्फ.
म्हटलं, झुरळं झालीत.
ठाऊक आहे, ती म्हणाली,
उन्हाळ्यात तुमच्याकडूनच येतात इकडे.
तुम्हीच तेवढे येत नव्हतात.

मग घर उपसायला काढलं.
गोठून फुटेल ते बाहेर, जिवंत असेल ते बाहेर.
बटाटे. काकड्यांच्या बरण्या. मोज्यांत भरलेले कांदे.
जिरेनियमची कुंडी, तिच्यावर माझी शाल.
मांजर आधीच गेली होती, तिला कुणी सांगावं लागत नाही.
सासऱ्यांचं भिंतीवरचं घड्याळ:
प्रोखोर म्हणाला, आतलं तेल गोठेल.
घोंगडीत गुंडाळून त्याने ते
तापातल्या पोरासारखं छातीशी धरलं.

शेवटी चूल.
लग्न होऊन चोवीस वर्षं झाली,
हिवाळ्यात ती विझलेली मी पाहिली नव्हती.
निखारे बर्फात टाकले. चर्र झालं,
आणि उगाचच घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं.
खिडक्या उघडल्या. थंडी आत आली,
घाईने नाही. नव्या मालकिणीसारखी,
एकेक खोली बघत.

पहिल्या रात्री कपितोलिनाच्या जमिनीवर
कुणीच बोललं नाही.
दुसऱ्या रात्री तिने प्रोखोरला विचारलं,
गुडघा दुखतो का अजून? उजवा ना?
तो म्हणाला, आता दोन्ही.
तिसऱ्या रात्री ती आणि मी पेल्मेनी वळत बसलो.
तिच्या कडा माझ्यापेक्षा बारीक.
मी तसं बोलून दाखवलं. सोपं नव्हतं.
वर भिंतीवर आमचं घड्याळ चाललं होतं,
तिच्या बंद पडलेल्या घड्याळाच्या खिळ्यावर.

चौथ्या दिवशी परतलो.
झुरळं उताणी, कोरडी, वजन नसलेली.
बदकाच्या पंखाने झाडली तर
सुपलीत जवसासारखी खळखळली.
दोन सुपल्या भरल्या.
जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.
मी चूल पेटवली. भिंती दोन दिवस पाझरत राहिल्या,
मग सुकल्या.

घड्याळ तिच्याकडेच राहिलं होतं.
मार्चमध्ये आणायला गेलो.
प्रोखोरने उचललं, मागची फळी निसटली,
आणि आतून एक, मग सहा,
मग सगळं गणगोत
कपितोलिनाच्या टेबलावर.

आम्ही तिघं बघत राहिलो. कुणी बूट उचलला नाही.
मी मनात हिशेब सुरूही केला होता:
ती एकाहत्तर, अधिक नऊ.

कपितोलिनाने मिशा पाहिल्या, मग आमची तोंडं.
जानेवारीत, ती म्हणाली, मी तुमच्याकडे.
चुलीजवळची जागा माझी.
आणि या वेळी ते घड्याळ
राहू दे थंडीत.