बारा मिनिटं

मुहर्रकचा धक्का, सकाळचे सात, लोखंड आधीच तापलेलं.
बू ईसा म्हणतो, सुरू होतं, बारा मिनिटं चालतं, मग मरतं.
दर वेळी बारा.
शीड आहे, पण वारा कुठाय आज?

फिल्टर उघडला. तळाशी थेंबभर पाणी, तेवढं चालतं.
नळीतली हवा काढली: आधी फेस, मग सरळ धार.
सुरू केलं, कान लावून बसलो.
हर्णैला अब्बा असेच बसायचे, पाना दातांत धरून.
इंजिन खोटं बोलत नाही रे, आपण मधे बोलतो.
गप्प राहिलो.
बाराव्या मिनिटाला धाप,
मग नुसतं पाणी ऐकू आलं.

टाकीचं झाकण सैल केलं
आणि टाकीने हवा ओढली,
बुडी मारून वर आलेला माणूस ओढतो तशी.
बू ईसा दचकला. त्याचा बाप मोती काढायचा.

टाकीची श्वासनळी कठड्याखाली उघडते.
तिच्या तोंडात कुंभारमाशीचं घर, नीट लिंपलेलं.
या वाळूत ओली माती कुठली?
गोदामाचा एसी ठिबकतो, तिथली असणार.

तार हातात घेऊन जरा थांबलो.
मलाही इथे खोली मिळायला अकरा महिने लागले होते.

मग घातली.