सत्काराला मागे बसलेला माणूस

हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसलोय, निनावेबाई.
तुम्ही ओळखणार नाही. अंगावर खाकी नाही आता.

मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर
दर डिसेंबरात आपली भेट ठरलेली.
विधानभवन तिकडे, तुम्ही इकडे,
मध्ये बांबू आणि मी.
विडी कामगारांचं निवेदन पदरात गुंडाळलेलं,
तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं
आणि घोषणेआधी पहिला प्रश्न:
"काऊन रे, जेवला नाही का?"

सहा वेळा व्हॅनमध्ये चढवलं तुम्हाला.
पायरी उंच, म्हणून दर वेळी
तुम्ही माझाच खांदा धरलात.
एकदा साहेबांनी नाव विचारलं, तर म्हणालात,
"सुगंधा, गोळीबार चौक.
मागच्या सालचाच कागद चालते,
तारीख तेवढी बदलवा."

आज मंत्र्यांनी शाल घातली.
तुम्ही ती चिमटीत धरून पाहिलीत,
कोष्ट्याच्या पोरीनं पाहावी तशी, सूत चाचपत,
आणि माइकवर एवढंच बोललात:
"हे काई मागावरची नोहे, बाप्पा.
आन् आमच्या पेन्शनचं काय झालं?"

टाळ्या जरा उशिरा आल्या.

माझी पेन्शन एक तारखेला जमा होते, बाई.
कधी सांगितलं नाही तुम्हाला,
माझी आई रात्री कंदिलाशी विड्या वळायची.
बांबूच्या त्या बाजूला उभ्या उभ्या
तुमचं निवेदन मला पाठ झालं होतं,
कलम चारपर्यंत.

या हॉलच्याही पायऱ्या उंच आहेत.
खाली थांबतो.