चुरा

फुर्तादोंच्या बर्फ कारखान्यात मी एकतीस वर्षं हिशेब लिहिला.
शापोऱ्याच्या धक्क्यावर, अमोनियाच्या वासात,
जिथे मे महिन्यातही वहीची पानं गारठलेली असत.

लादी दीडशे किलोची. आरपार दिसेल अशी,
फक्त मधोमध एक पांढरी शीर.
बास्त्यांव फुर्तादो म्हणत, ही शीर गेली पाहिजे.
ट्रॉलरवाल्यांची तक्रार होती,
आणि ट्रॉलरवाले म्हणजे आमचं सगळं.
पंप आणला, पाणी ढवळलं, कर्ज काढलं.
शीर गेली.
आम्ही धक्काभर पेढे वाटले.

त्याच आठवड्यात होडीवाला इनास आला होता
टोपलीभर चुरा मागायला.
मीच त्याला म्हटलं, लादी घे, नाहीतर वाट सोड,
मागे ट्रक उभा आहे.
हे वहीत सापडणार नाही.
परतवलेल्या गिऱ्हाइकाला रकाना नसतो.

मग कुणीतरी माडांखाली पत्र्याची शेड घातली.
कपाटाएवढं मशीन.
बर्फ कसला, खोबऱ्याचा कीस!
दुपारच्या आत पाणी.
फुर्तादोंनी मूठभर मागवून घेतला
आणि हुर्राकात घालून प्यायले.
आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच.

तीन बंदीचे पावसाळे गेले.
कीस घट्ट झाला, त्याचे खवले झाले.
लादीच्या कोपऱ्यांनी बांगडा चेचतो,
खवल्यांत तो झोपल्यासारखा राहतो,
हे हॉटेलवाल्यांना आमच्याआधी कळलं.
मग एक ट्रॉलर तिकडे लागला.
कुणी भांडलं नाही, कुणी सांगितलंही नाही.
नुसतं मार्चच्या पानावर
चाळीस लाद्यांच्या जागी अठ्ठावीस.
मग अकरा.

कॉम्प्रेसर कायमचा थांबला
त्या संध्याकाळी पहिल्यांदा नदी ऐकू आली.
फुर्तादो पलीकडे बघत होते, आगरवाड्याच्या मिठागरांकडे.
म्हणाले, पाईनं हे मशीन बसवलं
तेव्हा तिकडचा बुधो आला होता, होडीत मिठाची पोती घालून.
कायतानबाब, म्हणाला, मासळी खारवायला
आता कुणी मीठ नेत नाही.

आणि पाई काय म्हणाले?

पाईनं त्याच्या हातावर बर्फाचा तुकडा ठेवला.
म्हणाले, चाखून बघ.

आता मी इनासच्या सुनेकडे बसतो, शेडमध्ये.
बिलं फोनवरच निघतात, मला फारसं काम नाही.
काल एक पोरगा आला, कांदोळकरांचा,
काखेत कसलासा डबा.
होडीतच गार ठेवतो म्हणे, बर्फाशिवाय,
सध्या फक्त पाच किलो, तेही ऊन असेल तर.
आयरिन हसली. मशीन तिच्या मागे खवले ओतत होतं.

मी पोराला बसायला स्टूल दिलं.
विचारलं, बांगडा राहतो का रे यात?
नाही, म्हणाला. अजून फक्त कोळंबी.

अजून, म्हणाला.